पिवळे डोळे दिसण्याआधी : कुत्र्यांच्या लेप्टोविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी निवडलेले सगळे प्रश्न लेप्टोस्पायरोसिसचे, म्हणजे उंदरा-गुरांच्या लघवीतून पसरणाऱ्या जंतुरोगाचे आहेत. कोकणात आणि मुंबईत त्याला सगळे नुसतं ‘लेप्टो’ म्हणतात. पत्रं वेगवेगळ्या गावांची असली तरी एक समजूत बहुतेकांत सारखी दिसते : लेप्टो म्हणजे कावीळ, डोळे पिवळे झाले तरच काळजी करायची. ही समजूत कुत्र्याच्या जिवावर बेतते. लेप्टोचा मुख्य मारा मूत्रपिंडांवर असतो. कावीळ पुष्कळदा उशिरा दिसते, कधी दिसतच नाही. म्हणून खालच्या उत्तरांत आम्ही पुन्हा पुन्हा लघवीकडे वळलो आहोत.

प्रश्न : आमचं घर कुडाळजवळ आहे, भातशेती आहे. राखणीचे दोन कुत्रे होते. गेल्या श्रावणात एक चार दिवस काही न खाता पडून राहिला, डोळे पिवळे झाले आणि गेला. यंदा लावणी संपताच दुसरा मलूल झाला आहे. कालपासून दोनदा उलटी झाली, मागचे पाय ताठ टाकतो, पाणी मात्र खूप पितो. डोळे पिवळे नाहीत. वाट पाहावी की तालुक्याला न्यावं? गोठ्यात दोन गाई आहेत, त्यांतली एक वैशाखात गाभडली.

उत्तर : आजच न्या. हे वाचून झालं की लगेच.

तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक लक्षणाला लेप्टोत कारण आहे. मागचे पाय ताठ पडतात ते स्नायू दुखत असल्यामुळे. उलटी आणि अन्नावरची वासना जाणं हे मूत्रपिंडं रक्त नीट गाळत नसल्याचं पहिलं चिन्ह असू शकतं. पाणी खूप पिणं ही सर्वांत महत्त्वाची खूण आहे. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांना सूज आली की लघवी दाट करण्याची ताकद जाते, लघवी पाण्यासारखी आणि भरपूर होते, आणि ती भरून काढायला कुत्रा पाणी पीत सुटतो. घरच्यांना वाटतं, पाणी पितोय म्हणजे बरा आहे. पुढच्या दोन-तीन दिवसांत लघवी कमी होऊन थांबली की मग धावपळ सुरू होते. तोवर बहुमोल वेळ गेलेला असतो.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी करा. गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप मोजा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, १०३ च्या वर ताप समजा. आजार वाढला की तापमान उलट खाली येतं, त्यामुळे ताप नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. दुसरं, दिवसाच्या उजेडात हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग आणि कानाच्या पाळीची आतली बाजू पाहा. पिवळेपणा, बारीक लाल ठिपके किंवा फिकटपणा दिसला तर डॉक्टरांना सांगा. श्वास जलद चालत असेल, खोकल्यात रक्त असेल तर रस्त्यात कुठेही न थांबता सरळ मोठ्या दवाखान्यात जा, कारण फुप्फुसात रक्तस्राव होणारा लेप्टो सर्वांत घातक असतो. घरातली माणसांची तापाची किंवा दुखण्याची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलने कुत्र्याच्या यकृताला इजा होऊ शकते आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आधीच घायाळ झालेल्या मूत्रपिंडांचं उरलंसुरलं बळ काढून घेतात.

दवाखान्यात काय होतं तेही सांगतो, म्हणजे पैसे आणि दिवस कशासाठी लागतात ते कळेल. उलट्या चालू असतील तर आधी शिरेतून पेनिसिलिन गटातलं औषध देतात आणि पोटात अन्न टिकू लागलं की डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या सुरू करतात. प्रमाण साधारण दर किलो वजनाला ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, किंवा १० मिलिग्रॅम एकदा, असं दोन आठवडे. कुत्रा तिसऱ्या दिवशी उठून शेपूट हलवू लागला की बरेच जण गोळ्या बंद करतात. ते करू नका. पेनिसिलिन रक्तातले जंतू मारतं, पण मूत्रपिंडात दडलेले जंतू काढायला डॉक्सिसायक्लिनचा पूर्ण कोर्सच लागतो. गोळी खाण्यासोबत द्या आणि वरून थोडं पाणी पाजा. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण होतो. दूध-दह्यातून मात्र देऊ नका, त्यातल्या कॅल्शियममुळे औषध नीट अंगी लागत नाही.

सलाईन हा उपचाराचा दुसरा आधार. सलाईन लावलेल्या कुत्र्याची लघवी मोजली जाते आहे का, हे जरूर विचारा. पाण्याची तूट भरून निघाल्यावर तासाला दर किलोमागे १ ते २ मिलिलीटर लघवी यायला हवी, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याची तासाला २० ते ४० मिलिलीटर. लघवी उतरत नसताना सलाईन तशीच चालू ठेवली तर पाणी फुप्फुसात साठतं. अशा वेळी डायलिसिस हा मार्ग उरतो आणि त्याची सोय मोजक्या मोठ्या शहरांतच आहे. लवकर नेलं तर बहुतेक कुत्रे तिथवर न जाता वाचतात.

आता गोठ्याकडे. लेप्टोचा जंतू स्क्रूसारखा पीळदार असतो आणि उंदीर, घूस, गुरं यांच्या मूत्रपिंडात मुक्काम करून लघवीतून बाहेर पडतो. उंदीर स्वतः आजारी पडत नाही, पण महिनोन्‌महिने जंतू सोडत राहतो. खाचराच्या बांधात उंदरांची बिळं आणि खाली साठलेलं गोडं पाणी, याहून सोयीची जागा त्याला मिळणार नाही. ओल्या जमिनीत तो आठवडे-महिने टिकतो, उन्हात वाळलं की लवकर मरतो. कुत्र्याच्या अंगात शिरायला त्याला नाक, डोळे, तोंडाची ओली त्वचा किंवा पंजावरचा एखादा ओरखडा पुरतो. दिवसभर चिखलात भिजून मऊ पडलेली कातडीही चालते.

गाय लेप्टोने गाभडू शकते, ब्रुसेल्लाच्या जंतूनेही गाभडू शकते, आणि हे दोन्ही जंतू माणसालाही लागतात. पशुवैद्यांकडून गाईच्या रक्ताची तपासणी करून घ्या. गाभ, वार, रक्ताळलेला पेंढा कुत्र्याला खाऊ देऊ नका आणि उघड्या हाताने उचलू नका. हातमोजे घालून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. गोठ्याची जमीन उतरती करून मूत्र नालीतून बाहेर जाईल असं पाहा, कुत्र्याची झोपायची जागा त्या नालीपासून लांब आणि उंचावर करा. घरात कुणाला ताप, डोळे लाल, पोटऱ्या दुखणं असं काही झालं तर डॉक्टरांना लावणीबद्दल आणि कुत्र्याबद्दल दोन्ही सांगा.

प्रश्न : दादरला राहतो. आमच्या बीगलला दरवर्षी ‘नाइन-इन-वन’ देतो. नवीन डॉक्टर म्हणतात, लेप्टोची लस वेगळी घ्या. नऊ रोगांच्या लशीत लेप्टो नसतो का? शिवाय नेटवर वाचलं की लस तीन वर्षांतून एकदाच पुरते.

उत्तर : लशीच्या नावातला आकडा विसरा. कोण कशाला कसं मोजतं यावर सात, नऊ, दहा ठरतं. पाहायचं ते लेप्टोसाठीचं ‘एल’ हे अक्षर.

बहुतेक एकत्र लशींच्या दोन कुप्या असतात. एकीत कोरडी वडी असते, तिच्यात डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिस वगैरे विषाणूंची लस. दुसरीत द्रव. हा द्रव म्हणजेच पुष्कळदा लेप्टोची लस असते आणि त्यातच वडी विरघळवून टोचतात. पण द्रवाच्या जागी नुसतं निर्जंतुक पाणी वापरलं असेल तर पुस्तिकेत लशीचा शिक्का बसतो आणि कुत्र्याला लेप्टोचं संरक्षण शून्य. म्हणून पुस्तिकेत दोन्ही कुप्यांचे स्टिकर लावलेले आहेत का ते पाहा. एकच असेल तर डॉक्टरांना विचारा, विचारण्यात वाईट काही नाही.

पुढे एल२ की एल४, हा मुद्दा. लेप्टोचे २५० हून अधिक उपप्रकार आहेत आणि एकाविरुद्धची लस दुसऱ्या गटावर भरवशाने चालत नाही. एल२ मध्ये दोन असतात : कॅनिकोला, जो कुत्र्यांमध्येच वस्ती करून राहतो, आणि इक्टेरोहेमोरेजिआय, जो मुख्यतः उंदरांकडून येतो. एल४ मध्ये त्यांच्या जोडीला ग्रिपोटायफोसा आणि कंपनीप्रमाणे पोमोना किंवा ऑस्ट्रेलिस गटातला उपप्रकार असतो. मिळत असेल तर एल४ घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे. आतापर्यंत एल२ घेत आला असाल आणि बदलणार असाल तर दोन डोस पुन्हा घ्यावे लागतील, कारण वाढीव उपप्रकारांची ओळख शरीराला नव्याने होते.

तीन वर्षांची गोष्ट अर्धी खरी आहे. डिस्टेंपर-पार्व्होची लस पिल्लाची मालिका आणि वर्षानंतरचा बूस्टर झाल्यावर तीन वर्षांतून एकदा पुरते. लेप्टोची लस मेलेल्या जंतूंपासून बनते, तिचं संरक्षण साधारण वर्षभरच टिकतं. म्हणून ती दरवर्षी. हवं तर एकट्या लेप्टोची लसही मिळते, नाहक बाकीच्या टोचायला नकोत. पिल्लाला आठ आठवड्यांच्या आधी देत नाहीत. पहिल्या डोसनंतर दोन ते चार आठवड्यांनी दुसरा डोस लागतोच. एकट्या पहिल्या डोसवर कुत्रा पावसाळा काढू शकत नाही. बूस्टर चुकला आणि शेवटच्या लशीला दीड वर्षाहून जास्त झालं असेल तर पुन्हा दोन डोसांपासून सुरुवात करा.

महिना कोणता निवडायचा? एप्रिलच्या मध्यावर पहिला, मेच्या मध्यावर दुसरा. दुसऱ्या डोसनंतर संरक्षण पुरतं उभं राहायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर जूनचा दुसरा आठवडा आणि पहिला मोठा पाऊस येऊन ठेपतो. जुलैत पाणी तुंबल्यावर लशीला धावणाऱ्यांचा सगळा धोक्याचा काळ उघड्यावर जातो.

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते आणि गोठली की बिघडते. औषधाच्या दुकानातून घेऊन घरच्या फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवलेली लस देऊ नका. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं, लागोपाठ उलट्या ही अ‍ॅलर्जीची लक्षणं बहुधा थोड्याच वेळात दिसतात आणि लहान चणीच्या जातींत जरा जास्त दिसतात. एक-दोन दिवस आळसावणं किंवा टोचल्या जागी गाठ येणं यात चिंतेचं काही नाही. जागतिक लहान प्राणी पशुवैद्यक संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात, जिथे लेप्टो नेहमी आढळतो आणि योग्य लस मिळते तिथे ही लस अत्यावश्यक लशींत धरली आहे. मुंबईला त्यातून वगळण्याचं काही कारण नाही.

प्रश्न : पुण्याहून लिहितो. ट्रेकला आमची इंडी (देशी कुत्री) सोबत येते, गडावरच्या टाक्यातलं पाणी प्यायली होती. दहा दिवसांनी ताप, प्लेटलेट ६० हजार. डॉक्टरांनी गोचीड ताप समजून डॉक्सिसायक्लिन सुरू केली. पाचव्या दिवशी आम्ही आग्रहाने रक्ताची लेप्टो पीसीआर केली, निगेटिव्ह आली. म्हणजे लेप्टो नाही ना?

उत्तर : या निकालावरून तसं म्हणता येत नाही.

पीसीआर जंतूचा जनुकीय अंश शोधते. लेप्टोचे जंतू रक्तात आजाराच्या साधारण पहिल्या आठवड्यातच असतात, नंतर ते मूत्रपिंडात उतरतात आणि लघवीत सापडतात. त्यात डॉक्सिसायक्लिन सुरू झाली की रक्तातून ते फार लवकर नाहीसे होतात. तुमचा नमुना औषधाच्या पाचव्या दिवशी घेतलेला, तोही फक्त रक्ताचा. निगेटिव्ह येणं अपेक्षितच होतं. औषधाच्या पहिल्या गोळीआधी रक्त आणि लघवी दोन्ही काढून ठेवायला हवी होती. रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत, लघवी स्वच्छ निर्जंतुक डबीत पाचेक मिलिलीटर, दोन्ही फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. उपचार थांबवायचे नाहीत, फक्त नमुना आधी, गोळी नंतर.

अजून एक वाट खुली आहे. मॅट नावाची तपासणी रक्तातली प्रतिपिंडं मोजते. एक नमुना आत्ता आणि दुसरा सात ते चौदा दिवसांनी, एकाच प्रयोगशाळेत द्या. प्रमाण चौपट किंवा त्याहून वाढलं, समजा १:२०० चं १:८०० झालं, तर लेप्टो होता असं धरतात. एकच आकडा पाहून निर्णय देऊ नये, कारण लस घेतलेल्या कुत्र्याचा आकडाही वर असतो. झटपट पट्टीवरच्या तपासणीचीही तीच अडचण आहे : पहिल्या दिवसांत खोटी निगेटिव्ह, अलीकडे लस झाली असेल तर खोटी पॉझिटिव्ह. लशीची तारीख प्रयोगशाळेला कळवा.

तोवर साध्या अहवालांतून बरंच कळतं. प्लेटलेट गोचीड तापातही घटतात आणि लेप्टोतही, त्यावर भिस्त ठेवू नका. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारा आकडा) आणि बिलिरुबिन (काविळीचा आकडा) दोन्ही चढले असतील तर लेप्टोचा संशय घट्ट होतो. लघवीत साखर आहे पण रक्तातली साखर नेहमीसारखी आहे, असं दिसलं तर ती फार बोलकी खूण आहे. मधुमेह नसताना साखर लघवीत सांडते, कारण ती परत शोषून घेणाऱ्या नळ्या जखमी झालेल्या असतात. या तपासणीला पट्टी पुरते, खर्च अगदी थोडा. ती बऱ्याचदा राहून जाते याचं वाईट वाटतं.

डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिली हे चांगलंच झालं. ती गोचीड ताप आणणाऱ्या एर्लिकिया या जंतूवरही चालते आणि लेप्टोवरही. मात्र गोचिडांपासून होणाऱ्या बॅबेसियावर ती पुरेशी नाही, त्याला वेगळी औषधं लागतात आणि त्यातही कावीळ होते. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घेतली नसेल तर पाहून घ्या. आणि कुठल्या का जंतूने असेना, क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा.

गडावर जाताना कुत्रीचं पाणी आपणच न्यायचं. टाक्याच्या काठावर उंदीर, माकडं, गुरं सगळी येतात आणि झाकलेल्या गार पाण्यात ऊन पोचत नाही.

प्रश्न : ठाण्यात राहतो. आमच्या लॅब्रॅडॉरने चार दिवसांपूर्वी रस्त्यावरच्या डबक्यातलं पाणी प्यायलं. ठणठणीत आहे. आधीच डॉक्सिसायक्लिनचा कोर्स देऊन टाकू का?

उत्तर : लस चालू वर्षातली असेल तर नाही. डबकं दिसलं की प्रतिजैविक, असं केलं तर सगळा पावसाळा कुत्र्याचं पोट बिघडवण्यात जाईल आणि खरंच आजारी पडला तर तपासण्यांचे निकाल गोंधळतील. घरात दुसऱ्या कुत्र्याला लेप्टो झालेला आहे किंवा लस न झालेला कुत्रा पुराच्या पाण्यातून चालून आला आहे, अशा वेळी डॉक्टर आधीच दोन आठवड्यांचा कोर्स देतात. तो निर्णय त्यांचा.

तुम्ही पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवा. संसर्गापासून लक्षणांपर्यंत कधी दोन दिवस जातात, कधी वीस, बहुधा आठवडाभर. रोज पाणी मोजून ठेवा : कुत्र्याला दिवसाला दर किलोमागे ५० ते ६० मिलिलीटर पुरतं, १०० च्या वर गेलं तर काहीतरी बिनसलं आहे. ३० किलोच्या लॅबला तीन लिटर ही धोक्याची रेषा. फिरून आल्यावर पंजे आणि पोट साबणाने धुऊन टॉवेलने नीट कोरडं करा, बोटांच्या बेचक्यांसकट. माणसाला जशा चिखल्या होतात तसं तिथेही भिजून फाटतं आणि जंतूला दार उघडं मिळतं. निघण्याआधी घरीच पोटभर पाणी पाजलं तर डबक्याची ओढही कमी होते.

प्रश्न : आमच्या कुत्रीला लेप्टो निघाला, चार दिवस ॲडमिट होती, उद्या घरी सोडणार आहेत. घरात तीन वर्षांचा मुलगा आहे आणि वहिनी गरोदर आहे. सासूबाई म्हणतात, तिला परत आणूच नका. (नाशिक)

उत्तर : आणा. काळजी नीट घेतली तर घरात ठेवता येते.

धोका तिच्या लघवीत आहे. अंगाला हात लावल्याने किंवा शेजारी बसल्याने हा रोग लागत नाही, लाळेतून पसरण्याचा मार्गही नेहमीचा नाही. योग्य प्रतिजैविक सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले की लघवीतून जंतू बाहेर पडणं झपाट्याने कमी होतं. चार दिवस उपचार झालेले आहेत, तेव्हा सर्वांत वाईट काळ मागे पडला आहे. तरी डॉक्सिसायक्लिनचे १४ दिवस संपेपर्यंत खालची शिस्त पाळा.

तिला पट्ट्याने बांधून, ऊन पडणाऱ्या एकाच कोरड्या जागी लघवीला न्या. साचलेलं पाणी, भाजीचा वाफा, मुलांच्या खेळायची जागा टाळा. घरात लघवी झाली तर मॉप फिरवू नका, पाइपने फवाराही मारू नका. मॉपने ती सगळ्या खोलीभर पसरते आणि फवाऱ्याने थेंब उडून डोळ्यांत-तोंडात जातात. रबरी हातमोजे घाला, आधी वर्तमानपत्राने किंवा जुन्या फडक्याने लघवी टिपून ती पिशवीत घट्ट बांधा. मगच जंतुनाशक ओता. हा क्रम मोडू नका, कारण लघवीवर थेट ब्लीच पडलं की डोळे चुरचुरवणारा विषारी वायू निघतो.

जंतुनाशक घरीच होतं. बाजारातलं साधं, पाचेक टक्क्यांचं द्रव ब्लीच एक भाग आणि पाणी दहा भाग. ब्लीचिंग पावडर वापरणार असाल तर एक लिटर पाण्यात १५ ग्रॅम, म्हणजे सपाट मोठा चमचाभर, ढवळून गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी घ्यायचं. पाकीट नवं हवं, महिनोन्‌महिने उघडं पडलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून गेलेला असतो. फरशीवर दहा मिनिटं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा आणि पंखा लावून वाळवा. संडास धुण्याच्या अ‍ॅसिडसोबत हे कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो. फरशी पूर्ण सुकेपर्यंत कुत्रीला आणि मुलाला त्या खोलीत सोडू नका. अंथरूण गरम पाण्यात डिटर्जंटने धुऊन कडक उन्हात वाळत घाला. ऊन आणि कोरडेपणा यांच्याइतकं स्वस्त जंतुनाशक दुसरं नाही.

वहिनींनी साफसफाईला हात लावू नये. मुलाला कुत्रीजवळ बसू द्या, नंतर साबणाने हात धुवा. लक्षणं माणसात दोन ते तीस दिवसांत दिसू शकतात, म्हणून महिनाभर घरात कुणालाही ताप आला तर स्वतः गोळ्या न घेता डॉक्टरांना आधीच सांगा की घरच्या कुत्रीला लेप्टो होता. सासूबाईंची भीती खोटी नाही. पण कुत्रीला बाहेर काढलं तर ती अर्धवट उपचारांवर गल्लीत लघवी करत फिरेल, त्यात शेजारपाजारच्या मुलांना जास्त धोका आहे.

प्रश्न : अंधेरीतल्या आमच्या सोसायटीत उंदीर-घुशी फार आहेत. आम्ही काही जण आवारातल्या पाच कुत्र्यांना खायला घालतो. कमिटी म्हणते, कुत्र्यांमुळे लेप्टो येतो, खाणं बंद करा आणि सगळीकडे विषाच्या वड्या टाका.

उत्तर : कमिटीच्या म्हणण्यात एक गोष्ट ऐकण्याजोगी आहे : रात्रभर उघडं पडलेलं खाणं घुशींचं जेवण होतं. खाणं ठरल्या वेळी, उजेडात द्या. वीस मिनिटांनी वाडगे उचला आणि सांडलेला भात झाडून काढा. पाण्याची भांडी रोज घासा. कोरडं खाणं गोणीत न ठेवता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

पण लेप्टोचं मूळ आवारातल्या उघड्या ओल्या कचऱ्यात आणि बिळांत आहे. संध्याकाळी प्रत्येक बिळाच्या तोंडात कागदाचा बोळा खुपसा. सकाळी जे बोळे बाहेर ढकललेले दिसतील ती बिळं चालू. घुशीचं बीळ मोकळ्या भुसभुशीत मातीच्या ढिगाने ओळखू येतं. पिंजरे तिथेच लावा. वस्ती घटल्यावर बिळं सिमेंटने बुजवा आणि मोरीच्या, ड्रेनेजच्या तोंडांवर ६ मिलिमीटरहून लहान भोकांची लोखंडी जाळी बसवा. नुसती माती लोटली तर घूस एका रात्रीत परत उकरते. मेलेला उंदीर हातमोज्यांनी उचला, आधी त्यावर वरच्या उत्तरात सांगितलेलं ब्लीचचं पाणी शिंपडा.

विषाच्या वड्यांना आमचा विरोध आहे. बाजारातल्या केकमध्ये बहुधा ब्रोमाडायोलोन असतं. ते रक्त गोठू देत नाही. कुत्र्याने ती वडी खाल्ली तर दोन ते पाच दिवस काहीच दिसत नाही आणि मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. कुत्र्याने वडी खाल्ल्याचं कळलं तर लक्षणांची वाट न पाहता वेष्टन घेऊन दवाखाना गाठा. व्हिटॅमिन के१ हा त्यावर उतारा आहे आणि तो काही आठवडे द्यावा लागतो. झिंक फॉस्फाइड तर त्याहून वाईट, त्यावर उतारा नाही आणि पोटात त्यातून विषारी वायू सुटतो.

पाचही कुत्र्यांना रेबीजसोबत लेप्टोची लस द्या, पहिल्या वर्षी दोन डोस, मग दर मेमध्ये, प्रत्येकाचा फोटो आणि तारीख वहीत लिहून. कमिटीपुढे ती वही ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पुढच्या आठवड्यांत मुंबईत माणसांमध्ये लेप्टो पसरला. तो तुंबलेल्या पाण्यातून चाललेल्या लोकांना झाला. लस झालेला कुत्रा आवारात असणं हे त्या पाण्यापेक्षा फार कमी धोक्याचं आहे.

प्रश्न : मांजरालाही लेप्टो होतो का? (म्हापसा)

उत्तर : संसर्ग होतो, आजार क्वचित दिसतो. मांजरांसाठीची लस आपल्याकडे वापरात नाही. उंदीर मारून आणणाऱ्या मांजराची शिकार हातमोज्यांनी उचला, इतकं पुरे.

प्रश्न : आमचा जर्मन शेफर्ड लेप्टोतून वाचला. डिस्चार्जच्या वेळी क्रिएटिनिन २.१ होतं. डॉक्टर म्हणतात, आता बरा आहे. पुढे काय सांभाळायचं? (कोल्हापूर)

उत्तर : जंतूतून बरा झाला आहे, मूत्रपिंडं अजून भरून यायची आहेत. क्रिएटिनिन साधारण १.४ च्या आत यावं. त्यासाठी कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. आठवड्याने, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करा. लघवीतली प्रथिनं आणि घनता दोन्ही पाहायला सांगा. सकाळची पहिली लघवी स्वच्छ वाटीत धरली तर निकाल जास्त खरा येतो. तीन महिन्यांनंतरही आकडा वरच राहिला तर मूत्रपिंडांचा कायमचा आजार धरून आहार बदलावा लागेल : फॉस्फरस कमी, मीठ कमी, हाडं-खिमा-कलेजी बंद. प्रथिनं आपल्या मनाने एकदम तोडू नका, कुत्रा वाळतो.

पाणी त्याला कधीही कमी पडू देऊ नका, रात्रीसुद्धा. लघवी जास्त होते म्हणून पाणी आवरणारे लोक आहेत. त्याने मूत्रपिंडं दुसऱ्यांदा जखमी होतात. दुखण्यासाठी कुणीही पेनकिलर लिहून दिली तर आधी क्रिएटिनिनचा कागद दाखवा. लेप्टो एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असं नाही, दुसऱ्या उपप्रकाराचा होऊ शकतो. त्यामुळे तब्येत सावरली की डॉक्टरांना विचारून लस सुरू करा, आणि पंचगंगेचं पाणी चढलं की त्याला घाटाकडे फिरायला नेऊ नका, पाणी ओसरल्यावर गाळ पूर्ण वाळेपर्यंतसुद्धा.